हरलेल्यांसाठी केलेले नियम

मंडळी, आज जरा रुक्ष विषय आहे. नियमांचा. चहाचा कप जवळ घेऊन बसा.

आमचं सूस ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत गेलं. एकूण २३ गावं गेली, त्यात शेजारचं म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुकही होतं. ग्रामपंचायत संपली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक झालीच नाही आणि प्रशासक आले. महापालिकेसाठी आम्ही पहिलं मत दिलं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे साडेचार वर्षं सूसच्या माणसाने निवडून दिलेला एकही माणूस कुठल्याच स्थानिक सभागृहात नव्हता. सरपंच नाही, नगरसेवकही नाही. अर्ज करायचा, पोच घ्यायची आणि वाट बघायची. साताऱ्याहून आत्याने एकदा फोनवर विचारलं, "अरे, मग तुम्ही भांडता तरी कुणाशी?" प्रश्न अगदी बरोबर होता.

त्याच काळात आमच्या सोसायटीच्या सभेत एक वाक्य वारंवार ऐकू यायचं, "बहुमत झालं ना? मग विषय संपला." पाण्याचे टँकर, पार्किंग, गणपतीची वर्गणी... सगळे विषय याच वाक्यावर संपायचे. बहुमत बहुतेक वेळा माझ्याच बाजूचं असायचं, त्यामुळे माझी तक्रार नव्हती. पण हरलेली मंडळी पुढच्या सभेला येईनाशी झाली. नंतर वर्गणीही देईनाशी झाली. तेव्हापासून मला हा नाद लागला, की हरलेल्या माणसाने सभागृहात परत यावं म्हणून आपल्याकडच्या कायद्यांनी आणि पीठासीन मंडळींनी काय काय करून ठेवलंय ते शोधायचं. बरंच सापडलं.

सुरुवात ग्रामपंचायतीपासूनच करतो, कारण माझे एक मावसकाका (सूसचे नव्हेत, दुसऱ्या तालुक्यातले) आयुष्यभर ग्रामसेवक होते आणि कलम ३५ त्यांना तोंडपाठ होतं. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातलं हे कलम सरपंचावरच्या अविश्वासाचं. साध्या बहुमताने सरपंच निवडला जायचा, पण साध्या बहुमताने त्याला काढता येत नसे. निवडीसाठी निम्म्याहून एक जास्त पुरे, काढायला मात्र एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश. ठराव मांडायला एक तृतीयांश सदस्यांच्या सह्या, नोटीस तहसीलदाराकडे, त्याने सात दिवसांत विशेष सभा बोलवायची आणि अध्यक्षस्थानी स्वतः बसायचं. ठराव फेटाळला गेला तर ठराविक काळ पुन्हा आणायचा नाही.

आकडा मांडून बघा. ९ सदस्यांची पंचायत असेल तर काढायला ६ हात लागतात. म्हणजे सरपंचाने स्वतःला धरून ४ जण सांभाळले की तो टिकला. ९ मध्ये ४ म्हणजे अल्पमतच की! काका सांगायचे, की याचा परिणाम असा होतो की पाच जणांच्या गटाला सहावा शोधायला समोरच्या पार्टीच्या ओसरीवर जावंच लागतं. गेलं की चहा येतो, चहा झाला की बोलणं निघतं, आणि निम्म्या वेळा अविश्वासाऐवजी वाडीच्या रस्त्याचं काम ठरून माणसं परत येतात.

महिलांसाठी राखीव सरपंचपदं आल्यावर हा दोन तृतीयांशही अपुरा पडू लागला. गावोगाव बाई सरपंच झाली, तिने उपसरपंचाचं ऐकेनासं केलं की सहा महिन्यांत ठराव. मग जिथे पद महिलेसाठी राखीव, तिथे तीन चतुर्थांशाची अट आली. म्हणजे ९ पैकी ७. आता तिला स्वतःसकट तीनच जणांची गरज. पुढे २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा झाला, तेव्हा तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव केला तरी त्यावर ग्रामसभेचं गुप्त मतदान लागेल असं ठरलं. थेट निवड २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली, तो वेगळाच खेळ. असो.

या अटीचा गैरफायदाही होतो हे कबूल. कामं न करणारा सरपंच तीन भाऊबंदांच्या जोरावर पाच वर्षं काढतो. काकांनी असेही पाहिले होते. पण त्यांचं मत ठाम होतं, की रोज सरपंच बदलणाऱ्या गावापेक्षा हे परवडलं.

आता जरा मोठ्या सभागृहाकडे जाऊ. लांब नाही, सूसहून गाडीने तासाभरावर, पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये. हल्ली तिथे आढावा बैठका होतात आणि बाहेर लाल दिवा गेलेल्या गाड्या उभ्या असतात. जुलै १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या नव्या विधानसभेचं पहिलं अधिवेशन याच इमारतीत भरलं. १९३५ च्या कायद्याखाली निवडून आलेलं, १७५ सदस्यांचं सभागृह. त्यात काँग्रेस निम्म्याच्या आसपास, पंतप्रधान (तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत) बाळासाहेब खेर, सभापती गणेश वासुदेव मावळंकर आणि विरोधी बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेब आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष तिथे पोचले कसे, हीच एक नियमाची गोष्ट आहे. पक्ष स्थापन झाला १९३६ मध्ये. पैसा नाही, वर्तमानपत्रांचा पाठिंबा नाही. १७ उमेदवार उभे केले आणि त्यातले बहुतेक निवडून आले. १९३२ च्या पुणे कराराने मुंबई प्रांतात १५ जागा राखीव झाल्या होत्या, हे एक कारण. पण राखीव जागेवरही मतदान सगळ्यांचंच होतं, म्हणजे बहुसंख्यांना हवा तोच राखीव उमेदवार येण्याची भीती होतीच. तिथे दुसरा नियम उपयोगी पडला. मुंबई प्रांतात तेव्हा एकेका मतदारसंघातून अनेक सदस्य निवडले जात, मतदाराला जितक्या जागा तितकी मतं असत, आणि ती सगळी मतं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. एकवट मतदान म्हणू या.

हे नीट कळावं म्हणून गणित करतो. समजा ३ जागा आहेत आणि १००० मतदार. प्रत्येकाला ३ मतं. त्यातले २६० जण एका बाजूचे, ७४० दुसऱ्या. २६० जणांनी आपली तिन्ही मतं एकाच माणसाला दिली तर त्याला ७८० मतं. उरलेल्या ७४० जणांकडे २२२० मतं आहेत, ती तीन उमेदवारांत सारखी वाटली तर प्रत्येकाला ७४०. म्हणजे अल्पसंख्यांचा माणूस पहिला आला! बहुसंख्यांना दोन जागा मिळाल्याच, पण तिसरी मिळाली नाही. आता "एका उमेदवाराला एकच मत" असा नियम लावा. २६० वाल्याला २६०, समोरच्या तिघांना ७४०-७४०. तिन्ही जागा गेल्या. माणसं तीच, मतं तीच, बदलला तो फक्त नियम. मी हे कागदावर मांडलं तेव्हा दोनदा तपासून पाहिलं :)

तर हे पंधराएक जण कौन्सिल हॉलमध्ये बसले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी, पुण्याच्याच अधिवेशनात, बाबासाहेबांनी खोती पद्धत रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कोकणातल्या आपल्या नातेवाईकांना खोत म्हणजे काय ते सांगायला नको. सरकार आणि कूळ यांच्यामधला हा वसुलीवाला, आणि वसुली सरकारी साऱ्यापुरती थांबत नसे. रायगडातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांचा संप तेव्हा चौथ्या वर्षात होता, १९३३ पासून जमिनी पडीक ठेवून माणसं बसली होती. विधेयक खाजगी सदस्याचं, सरकारचं नव्हे. पंधरा माणसांच्या पक्षाने मांडलेलं विधेयक मंजूर होणार नाही, हे मांडणाऱ्यालाही ठाऊक असणार. झालंही नाही. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर आला, तरीही नाही.

पण ते मांडता आलं. कागदावर आलं, छापलं गेलं, सरकारला त्यावर बोलावं लागलं. खोती रद्द करणारा कायदा मुंबई विधिमंडळाने केला १९४९ मध्ये, काँग्रेसच्याच सरकारने, आणि तेव्हाही मुख्यमंत्री खेरच होते. बारा वर्षं. कुणी म्हणेल, विरोधकांच्या विधेयकाचा काय उपयोग झाला मग? मला वाटतं हाच झाला. बहुमताला जी गोष्ट करायची नव्हती, ती करण्याची गोष्ट म्हणून सभागृहाच्या दप्तरात राहिली.

संसदेत आजही शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खाजगी सदस्यांच्या कामाला राखून ठेवलेले असतात. स्वातंत्र्यानंतर अशी १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. त्यानंतर एकही नाही. तरी शुक्रवार ठेवलेला आहे, आणि ठेवावाच.

एकवट मतदानाचं पुढे काय झालं? ते गेलं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने स्पष्ट लिहिलं, की मतदाराला जागांइतकी मतं असतील, पण एका उमेदवाराला एकापेक्षा जास्त मत देता येणार नाही. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईतून उभे राहिले. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव. काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांनी त्यांना सुमारे १४ हजार मतांनी हरवलं. नियम जुना असता तर निकाल वेगळा लागला असता का, हे कुणी छातीठोक सांगू नये. कम्युनिस्टांशी बिनसलं होतं, काँग्रेसची लाट होती, कारणं अनेक. पण वरचं २६० आणि ७४० चं गणित आठवा.

आणि मग त्याच वर्षी ते राज्यसभेत गेले, मुंबई राज्यातूनच! कसे? राज्यसभेची निवडणूक आमदार करतात, एकल संक्रमणीय मत पद्धतीने. नाव भयंकर आहे पण तत्त्व सोपं. आमदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो, १, २, ३ असा. मुंबई राज्याच्या १७ जागा एकदम भरायच्या होत्या, म्हणजे एकूण मतांच्या अठराव्या हिश्श्याहून जरा जास्त मतं मिळाली की माणूस आला. त्यांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा विधानसभेत एकच आमदार होता. एका आमदारावर अठरावा हिस्सा होत नाही. म्हणजे इतर विरोधकांनी आपली मतं दिल्याशिवाय हे शक्यच नव्हतं. त्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचे १४ होते, समाजवादी ९ होते. कुणाकडेच एकट्याच्या जोरावर जागा नव्हती, तेव्हा जुळवून घेणं भाग पडलं. जुळवून घेतलं तर मात्र प्रचंड बहुमताच्या काँग्रेसलाही ते अडवता आलं नाही. राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला स्वतंत्र भारताच्या निवडून आलेल्या संसदेत जागा मिळाली ती या दाराने.

हल्ली ही पद्धत आपल्याला आठवते ती फक्त विधानपरिषद निवडणुकीच्या वेळी, हॉटेलात ठेवलेले आमदार आणि "मतं फुटली" या बातम्यांमुळे. जून २०२२ मध्ये तर परिषदेच्या मतमोजणीनंतर लगेचच राज्याचं सरकारच हललं. चांगल्या अवजाराचं काय होतं बघा.

आता मावळंकरांकडे वळतो, कारण या लेखाचे खरे नायक तेच आहेत. आपल्याकडे त्यांच्याविषयी फार कमी लिहिलं जातं. गुजरातवाले त्यांना आपले म्हणतात, आणि त्यांचं बरोबरच आहे, सगळी वकिली आणि सार्वजनिक आयुष्य अहमदाबादेत गेलं. पण घराणं मूळचं संगमेश्वराकडचं, मावळंग्याचं. जन्म १८८८, बडोद्याचा. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. मुंबई विधानसभेचे सभापती, मग दिल्लीत मध्यवर्ती विधानसभेचे अध्यक्ष, आणि १९५२ ला पहिल्या लोकसभेचे पहिले सभापती.

दिल्लीतली त्यांची पहिली निवडणूक जानेवारी १९४६ ची. इंग्रज सरकार होतं, सरकारनियुक्त सदस्य विरोधात, समोर सर कावसजी जहांगीर. मावळंकर ६६ विरुद्ध ६३ असे तीन मतांनी आले. १९५२ मध्ये चित्र पूर्ण उलटं. आता काँग्रेसचं बहुमत इतकं की निवडणूक नावापुरती. तरी विरोधकांनी उमेदवार दिला, शंकरराव मोरे, शेतकरी कामगार पक्षाचे संस्थापक. १५ मे १९५२, ३९४ विरुद्ध ५५. स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेच्या सभापतिपदासाठी दोन मराठी माणसं समोरासमोर, आणि शाळेच्या पुस्तकात एक ओळ नाही!

माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते ५५. तीन मतांनी जिंकलेला माणूस विरोधकांशी जपून वागतो, त्याला पर्याय नसतो. ३९४ मतं मिळवून जिंकलेल्याला कसलीच गरज नसते. मावळंकरांनी पुढची चार वर्षं जी पद्धत बसवली ती मात्र तीन मतांनी जिंकल्यासारखी होती. सरकारने सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली का हे तपासायला १९५३ मध्ये आश्वासन समिती निघाली. मंत्री "विचार करू" म्हणून बसायचा आणि विषय विसरला जायचा, त्याला हा चाप. खाजगी विधेयकांसाठी समिती, कामकाजाचा वेळ पक्षांनी मिळून ठरवायला कामकाज सल्लागार समिती. या शेवटच्या समितीचं मला विशेष कौतुक वाटतं. कुठल्या विषयाला किती तास, हे बंद खोलीत सगळ्या पक्षांनी बसून ठरवायचं. तिथे मतदान सहसा होत नाही, देवाणघेवाण होते. आम्हाला या विषयावर चार तास द्या, त्या विधेयकावर आम्ही लवकर आटोपतो, असं. काकांच्या ओसरीवरचा चहाच तो.

वटहुकमांवरून ते थेट पंडित नेहरूंशी भांडले, पत्रांतून. संसद बाजूला ठेवून वटहुकमाने कायदे करणं ही वाईट सवय आहे आणि आज आपण जो पायंडा पाडू तो उद्याच्या सरकारांना बांधील, असा त्यांचा सूर होता. स्वतःच्या पक्षाच्या, स्वतःच्या नेत्याच्या सरकारला.

ते निर्दोष होते असं मुळीच नाही. स्थगन प्रस्ताव ते बरेचदा नाकारत आणि विरोधक चिडत. १८ डिसेंबर १९५४ रोजी विघ्नेश्वर मिसिर यांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव मांडला. लोकसभेच्या सभापतीवर आलेला हा पहिलाच. आणि इथे घटनेतला एक फार सुंदर नियम कामाला आला. अनुच्छेद ९६ सांगतो, की स्वतःच्या हकालपट्टीची चर्चा चालू असताना सभापतीने त्या खुर्चीत बसायचं नाही. तो सभागृहात हजर राहू शकतो, बोलू शकतो, पण न्यायाधीश होऊ शकत नाही. उपसभापती अनंतशयनम अय्यंगार खुर्चीत बसले. दोन तासांची चर्चा. नेहरूंनी बराचसा वेळ विरोधकांना द्यावा असं सुचवलं आणि आपल्या सदस्यांना सांगितलं, की तुमच्यावर पक्षादेश नाही, हवं तसं मत द्या. ठराव अर्थातच पडला. ठरावाविरुद्ध नेहरू चांगले तापून बोलले. तरी पक्षादेश काढला नाही. मला यात नेहरूंच्या मोठेपणापेक्षा व्यवहार जास्त दिसतो. पक्षादेश काढून वाचवलेला सभापती दुसऱ्या दिवशी कुणाला "खाली बसा" म्हणणार, आणि कोण ऐकणार?

सव्वा वर्षाने, फेब्रुवारी १९५६ मध्ये, दादासाहेब पदावर असतानाच गेले.

त्यांचाच एक नियम पुढे कसा उलटा वापरला गेला ते आता सांगतो. पहिल्या लोकसभेत विरोधी बाकांवर असंख्य तुकडे होते. कुणाला पक्ष मानायचं, कुणाला एकत्र बसायला बाक द्यायचे, कुणाला बोलायला वेळ? मावळंकरांनी ठरवलं, की ज्या गटाची संख्या किमान गणपूर्तीइतकी, म्हणजे सभागृहाच्या एक दशांश आहे, त्याला पक्ष मानू. हेतू सरळ होता, तुकड्यांनी एकत्र यावं. पुढे संसदेने १९७७ मध्ये विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाचा कायदा केला, त्यात एक दशांशाचा उल्लेखही नाही. सर्वांत मोठ्या विरोधी पक्षाचा नेता, सभापतींनी मान्यता दिलेला, एवढंच. महाराष्ट्राचा १९७८ चा कायदाही त्याच धाटणीचा. पण सभापतींची मान्यता हे दोन शब्द आले, आणि त्यांच्या पाठीमागून तो जुना एक दशांश आला. २०१४ मध्ये लोकसभेत काँग्रेसला ५४३ पैकी ४४ जागा मिळाल्या आणि विरोधी पक्षनेतेपद रिकामं राहिलं. २०१९ लाही तेच. २०२४ मध्ये दहा वर्षांनी ते भरलं.

त्याच २०२४ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात मात्र उलट घडलं. विधानसभेत २८८ जागा, एक दशांश म्हणजे २९. विरोधकांत सर्वांत मोठा पक्ष शिवसेना उद्धव ठाकरे गट, २० जागा. काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. निकालानंतरची अधिवेशनं विरोधी पक्षनेत्याविना झाली. घरात यावरून वाद झाला तेव्हा आमचे मेहुणे म्हणाले, "नियम म्हणजे नियम, २९ नाहीत तर नाहीत." त्यांना मी जुना हिशोब काढून दाखवला, तो इथेही देतो.

१९६२ ची महाराष्ट्र विधानसभा, २६४ जागा, त्यातल्या २१५ काँग्रेसच्या. शेतकरी कामगार पक्ष १५. एक दशांश २७ होतात. विरोधी पक्षनेते झाले शेकापचे कृष्णराव धुळप, आणि १९६७ नंतरही तेच राहिले, तेव्हा पक्षाचे २७० पैकी १९ होते. १९७२ मध्ये तर शेकाप ७ वर आला, २७० पैकी ७! विरोधी पक्षनेते झाले दि. बा. पाटील. नवी मुंबईच्या विमानतळाच्या नावावरून जे नाव आज घरोघरी माहीत आहे, तेच. आणि १९८६ च्या अखेरीस शरद पवार काँग्रेसमध्ये परत गेल्यावर जे झालं ते तर मला फारच आवडतं. १९८५ ला निवडून आलेल्या त्या सभागृहात जनता पक्ष २०, भाजप १६, शेकाप १३. कुणाकडेच २९ नाहीत. १९९० पर्यंत हे पद निहाल अहमद, दत्ता पाटील, मृणाल गोरे अशा वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्यांकडे फिरत राहिलं. सत्तेत काँग्रेसच होती, पदाला मान्यता देणारे अध्यक्षही त्यांचेच. पद रिकामं ठेवणं सोपं होतं, ठेवलं नाही.

बाहेरचंही एक उदाहरण. २०१५ मध्ये दिल्लीत ७० पैकी ६७ जागा आम आदमी पक्षाच्या, भाजपचे ३. तरी विजेंद्र गुप्तांना विरोधी पक्षनेता म्हणून मान्यता मिळाली.

मेहुणे म्हणाले, "ते त्यांचं औदार्य." इथेच माझा त्यांच्याशी मतभेद आहे. औदार्याला नियम म्हणत नाहीत. ग्रामपंचायतीचा कायदा बघा, तहसीलदाराने सात दिवसांत सभा बोलवायची, दोन तृतीयांश, तीन चतुर्थांश, सगळं आकड्यात लिहिलंय. गावावर कायद्याचा भरवसा नव्हता म्हणून. लोकसभेबद्दल घटना म्हणते, की सभागृह शक्य तितक्या लवकर उपाध्यक्ष निवडेल. तारीख नाही, दिवस नाहीत. भरवसा होता. पुढे हे पद विरोधी बाजूला देण्याचा प्रघातही पडला. आणि २०१९ ते २०२४ ही अख्खी लोकसभा उपाध्यक्षाविना संपली. लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधकाला देण्याची प्रथा १९६७ ला मिनू मसानींपासून सुरू झाली, ती मात्र टिकली आहे. तीही प्रथाच. कधी कोणती टिकेल, सांगता येत नाही. शहाण्या माणसांनी जिथे आकडा लिहिला तिथे अल्पमत वाचलं, आणि जिथे भरवसा ठेवला तिथे ते खुर्चीतल्या माणसाच्या स्वभावावर राहिलं. मावळंकरांचा एक दशांश हा आकडा असूनही उलटला, कारण तो बाक वाटण्यासाठी होता आणि वापरला गेला पद नाकारण्यासाठी.

आता आमच्या सूसपुरतं. जानेवारी २०२६ ला आम्ही बाणेर आणि पाषाणच्या जोडीने एका प्रभागात मतदान केलं, चार नगरसेवकांसाठी. चार जागा, चार मतं, पण एका उमेदवाराला एकच. म्हणजे २६०-७४० चं गणित इथेही, आणि इथे तर जागाही अ, ब, क, ड अशा वेगळ्या केलेल्या. बाणेर-पाषाणच्या मतदारांपुढे जुनं सूस गाव केवढं, ते तुम्हीच बघा. पण महापालिका अधिनियमात कलम ३१अ नावाचं एक कलम आहे. स्थायी समितीच्या १६ जागा बहुमताने भरायच्या नाहीत, सभागृहात ज्या पक्षाचं किंवा गटाचं जितकं बळ, त्या प्रमाणात वाटायच्या. १६५ नगरसेवकांच्या सभागृहात साधारण दहा-अकरा जणांमागे एक जागा पडते. पैशाचे निर्णय तिथे होतात. छोट्या पक्षांनी एकत्र गट नोंदवला तर त्यांचाही माणूस त्या टेबलापाशी बसू शकतो, न नोंदवला तर कुणीच नाही.

आत्याला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आता भांडायला माणूस आहे तर!" आहे. आमच्या रस्त्याचा अर्ज २०२३ चा आहे, त्याची पोच मी जपून ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात त्याची प्रत काढून चारही नगरसेवकांना देणार आहे, ज्याला मत दिलं त्यालाही आणि ज्यांना दिलं नाही त्यांनाही.